ग्रहणानं नाही, माझ्याच माहेरच्या रक्तातून आलं

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

७ सप्टेंबर २०२५ ला चंद्रग्रहण होतं, त्याच्या आदल्या दिवशी तुमच्या पेपरात एक चौकट आलेली. गरोदर बाईनं ग्रहणात विळी-सुरी हातात धरू नये, सुईदोरा घेऊ नये, नाहीतर बाळात व्यंग येतं असं मानलं जातं, असं त्यात होतं. मी पेपर रोज पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारी बाई आहे, कधी पत्र लिहिलं नव्हतं, पण ती चौकट वाचून रात्रभर झोप आली नाही म्हणून लेकीकडून हे टाईप करून घेतेय. जसं बोलते तसंच लिही म्हणलंय तिला, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी एक आजी आहे. माझ्या थोरल्या मुलाला मी माझ्या सख्ख्या भावाची मुलगी करून आणली. आमच्याकडं मामाची मुलगी म्हणजे हक्काचीच, पत्रिकासुद्धा कोणी बघितली नाही, घरातलीच पोर, गुण कसले जुळवायचे. ती लग्नाआधी मला आत्या म्हणायची आणि अजूनही आत्याच म्हणते. २६ डिसेंबर २०१९ ला सकाळी सूर्यग्रहण होतं तेव्हा तिला पाचवा महिना होता. कारखान्याचा गळीत हंगाम चालू, मुलाची ड्युटी, त्याला डबा पाहिजे म्हणून तिनं ग्रहण सुरू झाल्यावर मेथी चिरली. मी देवघरात जपाला बसले होते, बाहेर येऊन बघितलं आणि तिच्या हातातली विळी काढून घेतली. साहेब, त्या मेथीच्या जुडीवर मी पुढची दोन वर्षं त्या पोरीला जगू दिलं नाही.

नातू झाला मे २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये. वजन चांगलं, रडला चांगला, आम्ही पेढे वाटायला निघालो तर दुकानं बंद. तिसऱ्या दिवशी सुनेच्या लक्षात आलं की ह्याचा श्वास मध्येच एकदम जोरजोरात चालतो, धापा टाकल्यासारखा, आणि मग काही क्षण थांबतोच. मग परत नीट. डोळे एका जागी ठरायचे नाहीत, डावी-उजवीकडं हलत राहायचे. सहा महिने झाले, आठ झाले, मान धरेना, अंग भिजलेल्या फडक्यासारखं सैल. एका दवाखान्यात सांगितलं जन्मताना ऑक्सिजन कमी पडला असणार, सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला इजा होऊन हातपाय ताब्यात राहत नाहीत, मालिश करा. वर्षभर तेच लेबल घेऊन फिरलो. आणि घरात मी होतेच. कोणी बघायला आलं की मी सुनेसमोरच सांगायचे, ग्रहण पाळलं नाही हो हिनं. एकदा तिनं जेवता जेवता ताट सरकवलं आणि म्हणाली, आत्या, माझा हात तोडून टाका म्हणजे तुमचं समाधान होईल. तरी मी गप्प बसले नाही. हे लिहिताना लाज वाटते पण लिहिणार, कारण आमच्यासारख्या घराघरात हेच चाललंय.

२०२१ च्या दिवाळीनंतर पुण्याला नेलं, भूल देऊन एमआरआय केला. तिथल्या मेंदूच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि मुलाला म्हणाले, हे बघा, इथं दाढ दिसते का? खरंच दिसत होती. मेंदूच्या मधोमध दाढेसारखा आकार, दोन मुळं लांब सुटलेली. माणसाच्या लहान मेंदूला मध्ये एक पट्टी असते, तिला वर्मिस म्हणतात, तोल सांभाळायला, डोळे आणि हातपाय ताळ्यावर ठेवायला ती लागते. ह्याची ती पट्टी नीट बनलीच नव्हती. आणि लहान मेंदूकडून वर जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुड्या एकमेकींना ओलांडून पलीकडं जायला पाहिजेत त्या न ओलांडता सरळच गेल्यात, जाड होऊन, ती झाली दाढेची मुळं. ही खूण डॉक्टर लोकांनी १९९७ मध्ये नीट लिहून ठेवली, तेव्हापासून फिल्म बघून ओळखता येतं. रोगाचं नाव जुबर्ट सिंड्रोम. श्वासाचं ते धापा टाकणं, डोळ्यांचं हलणं, सैल अंग, सगळं एकाच नावाखाली बसलं. ऑक्सिजनचा काही संबंध नव्हता.

मला वाटलं चला, आता डॉक्टरच विचारतील ग्रहणाचं. त्यांनी विचारलं, नात्यात लग्न झालंय का?

मग आम्हाला जेनेटिक्सच्या, म्हणजे पिढीतून येणाऱ्या आजारांच्या, विभागात पाठवलं. तिथं एक मुलगी होती, काउन्सेलर, म्हणजे समजावून सल्ला देणारी, माझ्या लेकीच्या वयाची. तिनं कागदावर आमचं सगळं खानदान काढलं, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, लग्नाला आडवी रेघ. माझ्या मुला-सुनेच्या मध्ये तिनं दोन रेघा ओढल्या. म्हणलं दोन कशाला, तर म्हणाली नात्यातलं लग्न असलं की दोन रेघा काढतात. मग मला विचारलं, आजी तुम्ही मुलाच्या आई की मुलीच्या आत्या? मी म्हणलं दोन्ही. तिनं माझ्या गोलावरून पेन्सिल खाली मुलाकडं नेली, माझ्या भावाच्या चौकोनावरून खाली सुनेकडं नेली आणि दोन्हीकडून येऊन नातवापाशी थांबवली. वर माझे आई-वडील. मला त्या कागदावर सगळं दिसलं तिथंच, रिपोर्ट यायच्या आधी.

तिनं सांगितलं ते असं. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडं दोन प्रती, एक आईची एक बापाची. एक प्रत बिघडली तरी दुसरी काम करते, माणूस धडधाकट, त्याला कळतही नाही, त्याला वाहक म्हणतात. जगात असा एक माणूस नाही ज्याच्यात अशी एखादी तरी लपलेली चूक नाही. पण नवरा-बायको दोघांकडं तीच चूक असली तर दर बाळाला चारात एक शक्यता की दोन्ही बिघडलेल्या प्रती त्याच्याकडं येणार. दर बाळाला, साहेब. लोकांना वाटतं पहिलं गेलं आता पुढची तीन बरी, तसं नाही, दर वेळी फासे नव्यानं पडतात. आणि सख्ख्या आते-मामे भावंडांत साधारण आठवा हिस्सा सारखा असतो, त्यामुळं तीच चूक दोघांकडं असायची शक्यता परक्यापेक्षा कितीतरी जास्त.

नातवाची एक्झोम नावाची तपासणी केली, म्हणजे वीस हजारांच्या आसपास जनुकांचा कामाचा भाग एकदम वाचतात. दोन म्हशींच्या चार महिन्यांच्या दुधाचे पैसे त्यात गेले. रिपोर्टमध्ये आलं, टीएमईएम६७ नावाच्या जनुकात दोन्ही प्रतींत एकच बदल, पण पुढं लिहिलेलं की ह्या बदलाचं महत्त्व अनिश्चित आहे. म्हणजे जनुक बरोबर, लक्षणं बरोबर, पण नेमका हाच बदल रोग करतो का हे सांगायला जगात दुसरा असा रुग्ण नोंदलेला नाही. मुला-सुनेचं रक्त तपासलं, दोघं वाहक. मी हट्टानं माझं तपासून घेतलं. मीही वाहक. भाऊही.

म्हणजे ज्या पोरीला मी मेथीवरून छळलं तिच्या पोटातलं बाळ हा बदल पहिल्या दिवसापासून घेऊन आलं होतं, आणि त्यातली एक प्रत माझी होती, माझ्याकडून मुलाला, मुलाकडून नातवाला. ती चूक मी केली असं नाही, माझ्या आई किंवा वडलांनी केली असंही नाही, हे मला आता कळतं. पण त्या संध्याकाळी मी सुनेच्या पायाशी जाऊन बसले, ती मला उठवत होती आणि मी उठत नव्हते.

माझी धाकटी लेक बी.एस्सी. झालीय. ती मोबाईलवर वाचून मला ह्या रोगाचा इतिहास सांगायची, आणि मला त्यात फार रस वाटायला लागला, कारण प्रत्येक ठिकाणी आमच्यासारखंच कोणीतरी घर होतं. १९६९ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियलला डॉ. मारी जुबर्ट आणि त्यांच्या सोबतच्यांनी एकाच घरातल्या चार भावंडांवर लिहिलं, फ्रेंच बोलणारं कुटुंब, आणि त्या आई-बापाचा सामाईक पूर्वज निघाला सतराव्या शतकात फ्रान्सहून तिकडं गेलेला. केवढा काळ तो, शिवाजी महाराजांच्या काळातली चूक विसाव्या शतकात चार पोरांच्या डोक्यात उतरली. जनुक सापडायला मात्र २००४ साल उजाडलं, एएचआय१ वगैरे पहिले, आणि मग रांगच लागली, आता चाळीसच्या आसपास जनुक माहीत झालेत. एकाच रोगाला चाळीस दारं.

चाळीस जनुकं आणि एकच रोग कसा, हे मी काउन्सेलरला विचारलं. तिनं सांगितलं की हे जवळपास सगळे जनुक पेशीच्या एकाच भागाचं काम करतात. पेशीवर एक बारीक केसासारखं शेपूट असतं, सिलियम, ते अँटेनासारखं असतं. पूर्वी आमच्या कौलांवर अँटेना असायचा आणि वाऱ्यानं फिरला की चित्र जायचं, तसंच, बाळ बनताना कुठं काय बनवायचं हे निरोप त्या केसानं पकडायचे असतात आणि तोच वाकडा असला तर निरोप पोचत नाही. हा अँटेना फक्त मेंदूतच असतो असं नाही, मूत्रपिंडात, डोळ्याच्या पडद्यात, लिव्हरच्या पित्तनळ्यांत पण असतो. म्हणून जुबर्टच्या काही मुलांचं पुढं मूत्रपिंड जातं, काहींची नजर, काहींचं लिव्हर, आणि कोणाचं काय हे बऱ्याच अंशी कुठला जनुक त्यावर. आमच्या टीएमईएम६७ मध्ये लिव्हरला जपायचं असतं. हे कळल्यावर नातवाची लिव्हरची सोनोग्राफी केली तर खरंच बिघडायला सुरुवात झालेली, पोटात काही दुखत नाही, कावीळ नाही, कोणाला संशयही आला नसता. आता दर सहा महिन्यांनी बघतात. लोक म्हणतात ना, नाव कळून काय फायदा, औषध तर नाही. औषध नाही हे खरंच आहे, जी पट्टी बनली नाही ती आता बनणार नाही. पण नाव कळल्यामुळं त्याचं लिव्हर आमच्या नजरेखाली आहे.

आणि ह्या जनुकाची गोष्ट ऐका. त्याची गुणसूत्रावरची जागा पहिल्यांदा २००२ मध्ये शोधली ती भारतीय उपखंडातल्या, नात्यात लग्नं झालेल्या घरांच्या रक्तावरून. त्या घरांतली बाळं जन्मतच जायची किंवा पोटातच, मेकेल नावाचा ह्याच्यापेक्षा भयंकर रोग, जनुक हाच. २००६ मध्ये जनुक हाताला लागला, पुढच्या वर्षी कळलं की ह्यातच कमी बिघाड झाला तर जुबर्ट होतो. म्हणजे आमच्यासारख्याच बायकांनी आपलं बाळ गेल्यावर, त्या दुःखात, रक्त द्यायला हात पुढं केला होता.

हे मी का सांगतेय. एक्झोमच्या वेळी एक फॉर्म होता, माहिती नाव न लावता संशोधनाला वापरू का, हो की नाही. मुलगा हो वर खूण करत होता, मी अडवलं. म्हणलं आपल्या घराचा दोष जगाला कशाला, धाकट्याचं लग्न व्हायचंय. नाही वर खूण झाली. आणि मग चौदा महिने आम्ही त्या "अनिश्चित" शब्दावर टांगलेले. सुनेला दुसरं मूल पाहिजे होतं. पण गर्भात तपासायचं तर नेमका काय बदल शोधायचा हे ठाम पाहिजे, अनिश्चितवर कोणी डॉक्टर पोटातल्या बाळाचा निर्णय करत नाही, आणि सोनोग्राफीत ही पट्टी नीट दिसायला पाचवा महिना उजाडतो. ती रोज विचारायची, फोन आला का. २०२३ मध्ये फोन आला. कुठल्यातरी दुसऱ्या घरातल्या मुलात अगदी हाच बदल सापडला, तीच दाढ, तसंच लिव्हर, आणि त्या घरानं हो वर खूण केली होती. त्यांची नोंद आणि आमची नोंद शेजारी ठेवली, बाकीचे पुरावे जोडले, आणि आमचा रिपोर्ट बदलला, रोगकारक. कुठल्या गावचं पोर, कोण आई, आम्हाला सांगत नाहीत आणि सांगूही नये. पण मी रोज संध्याकाळी दिवा लावताना त्या बाईचं नाव माहीत नसताना तिच्यासाठी हात जोडते. मी जे नाकारलं ते तिनं दिलं होतं. आम्ही नंतर जाऊन फॉर्म बदलून आलो.

सुनेला दिवस गेले तेव्हा बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक तुकडा काढून तपासला. मुलगा की मुलगी ते सांगत नाहीत, १९९४ च्या कायद्यानं बंदी आहे, पण अशा रोगासाठी तपासणी करायला तोच कायदा परवानगी देतो, हे पण लोकांना माहीत नसतं, सगळं बेकायदा आहे समजून घाबरतात. रिपोर्ट आला, एक प्रत चांगली एक बिघडलेली, म्हणजे आईसारखी, माझ्यासारखी, वाहक. २०२४ ला नात झाली. दहाव्या महिन्यात उभी राहिली तेव्हा तिची आई हसत नव्हती, नुसती बघत बसलेली. पहिल्या वेळी जे बघायला मिळालं नव्हतं ते.

धाकट्या मुलासाठी पण धाकट्या भावाची मुलगी ठरल्यातच जमा होती. दोघांनी तपासून घेतलं, मुलगा वाहक निघाला, ती नाही. म्हणजे ह्या रोगाची भीती नाही, पण काउन्सेलरनं स्पष्ट सांगितलं की नातं तेच आहे, दुसरं काही लपलेलं असू शकतं. त्यांचं त्यांनी ठरवावं असं मी म्हणलं आणि त्यांनी ठरवलं, नको. गावात मात्र बोभाटा झाला की ह्यांच्या घरात वाहक आहेत म्हणजे रोगी आहेत. वाहक म्हणजे रोगी नाही हो. मी साठीच्या पुढं आहे, अजून शेतात खुरपते.

आता तुमच्याकडं मागणं. तुम्ही राशिभविष्याला रोज जागा देता, आठवड्यातून एकदा ह्या विषयाला द्या. आपल्याकडं हे फक्त मामाच्या मुलीपुरतं नाही. २०१७ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी ह्या सरकारी संशोधन संस्थेतल्या आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांनी मिळून दक्षिण आशियातल्या अडीचशेच्या वर समाजांचे नमुने तपासले, त्यातले ८१ असे निघाले की ते थोड्याच पूर्वजांपासून वाढलेत आणि शतकानुशतकं आपापसातच लग्नं करत आलेत, इतकं की अश्केनाझी ज्यू, म्हणजे मूळचे युरोपातले ज्यू, आणि फिनलंडच्या लोकांपेक्षाही जास्त. त्यात दहा लाखांच्या वर लोकसंख्येचे समाज पण आहेत. म्हणजे नातं माहीत नसलं, गाव वेगळं असलं, तरी जातीतल्या जातीत तीच लपलेली चूक दोन्हीकडं असू शकते. मुंबईचे मेंदूचे डॉक्टर सिंघल यांनी नव्वदच्या दशकात अग्रवाल समाजातल्या मुलांत मोठं डोकं आणि मेंदूच्या पांढऱ्या भागाचा एक आजार ओळखला, पुढं त्याचा एमएलसी१ जनुक सापडला आणि त्या समाजात एकच बदल पिढ्यानपिढ्या आलेला दिसला. एकच बदल म्हणजे तपासायला सोपा आणि स्वस्त. अश्केनाझी ज्यूंमध्ये जुबर्टचाच एक बदल टीएमईएम२१६ मध्ये २०१० ला सापडला, शंभरात साधारण एक वाहक, त्यांच्यात लग्न ठरवायच्या आधीच अशा तपासण्या करायची पद्धत आहे. एका रब्बीनं, म्हणजे त्यांच्या धर्मगुरूनं, ती १९८० च्या दशकात सुरू केली, त्यांची स्वतःची मुलं एका अशाच मेंदूच्या आजारानं गेली होती. आपण एकनाड आहे का बघतो, का तर संततीला त्रास होतो म्हणून. भीती तर आपल्या पूर्वजांनाही हीच होती ना? मग आता रक्तात बघता येतंय तर बघू.

दहा हजार भारतीयांचे जीनोम, म्हणजे माणसाची सगळी आनुवंशिक माहिती, वाचायचा सरकारचा प्रकल्प झाला, त्याची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली, चांगलं झालं. पण आपल्या माणसांत कुठला बदल निरुपद्रवी आणि कुठला घातक हे कळायला आजारी मुलांची घरं पण मोजली पाहिजेत, आणि ती घरं जिल्ह्याच्या, तालुक्याच्या गावात आहेत, ती सेरेब्रल पाल्सीचं लेबल घेऊन मालिश करत बसलीत. प्रत्येक जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलात महिन्यातून एक दिवस तरी जेनेटिक काउन्सेलर बसवा, कागदावर चौकोन आणि गोल काढणारी ती एक पोर बसवा, एवढंच मागतेय. आम्हाला ती पुण्याला भेटली कारण मुलाकडं गाडीभाड्याला पैसे होते. मुंबईला केईएममध्ये दुर्मीळ आजारांचं केंद्र आहे, पण तिथवर पोचायला आधी कोणीतरी सांगावं लागतं ना की तुमच्या पोराला हा आजार असू शकतो.

आणि ग्रहणाची चौकट बंद करा. पुढच्या ग्रहणाला त्याच जागेत छापा की जेनेटिक्सची ओपीडी कुठं आहे, कुठल्या वारी असते, केस पेपर कसा काढायचा. माझं नाव छापू नका, नातवंडांची लग्नं व्हायचीत आणि लोकांची समज यायला वेळ लागेल, पण पत्र छापा.

नातू आता पाच वर्षांचा झालाय, वॉकर धरून अंगण ओलांडतो, शब्द आठ-दहाच आहेत, त्यातला एक आज्जी. उद्या त्याची लिव्हरची सोनोग्राफी आहे, उपाशीपोटी न्यायचंय आणि सहाची एसटी गाठायचीय, म्हणून इथं थांबते.

आपली नम्र,
एक आजी
ता. वाळवा, जि. सांगली